दाखला मागणाऱ्याला खुर्ची

आमच्या कॉलेजात पोरं टिकत नाहीत, किस्से टिकतात. पोरगं गेलं की त्याच्या मागं एखादा किस्सा राहतोच, आणि तो काही दाखला काढून कुठं जात नाही! मधल्या सुट्टीत चहा आला की कुणीतरी "ते आठवतंय का वो?" म्हणून सुरुवात करतं, आणि पुढचा तास कधी लागला ते कुणालाच कळत नाही. तासाला पोरं नसतातच, त्यामुळं नुकसान कुणाचं होत नाही.

राजारामपुरीत आमचं ज्युनिअर कॉलेज. एका अंगाला डोळ्यांचा दवाखाना, दुसऱ्या अंगाला भलामोठा कोचिंग क्लास. मी मराठी शिकवते. म्हणजे पगार शिकवण्याचा घेते, खरं काम पोरं राखायचं. गुराख्यासारखंच म्हणा, फक्त गुरं संध्याकाळी परत तरी येतात.

बाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागतं. सरकार अनुदान देतं ते पट बघून. सप्टेंबरअखेरीला डोकी मोजतात. ठरल्यापेक्षा कमी भरली की तुकडी बंद. तुकडी बंद झाली की तिचा मास्तर 'अतिरिक्त'. अतिरिक्ताला घरी बसवत नाहीत, पाठवतात. जिथं जागा रिकामी असेल तिथं. आमचे कॉमर्सचे सर असेच जिल्ह्याच्या पार टोकाला गेले. आता त्यांना फोन लावला की आधी एक बाई कन्नडमध्ये काहीतरी सांगते, मग सर बोलतात.

त्यांच्यानंतर नंबर होता चौगुले सरांचा. अर्थशास्त्र. राहायला कसबा बावड्यात. बायको सकाळी ड्युटीला जाते ती संध्याकाळी येते, आणि घरात वडील, अर्धांगानं एका जागी पडलेले. दुपारच्या सुट्टीत सर स्कूटर काढून बावड्याला जातात, बाबांना आपल्या हातानं भरवतात आणि पुढच्या तासाला परत हजर. म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही, तोंड मिटून बसतो. असल्या माणसाला टोकाला पाठवला तर दुपारी बावड्यात काय होईल, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. म्हणून अकरावी आर्ट्सची ती तुकडी वाचवायची म्हणजे वाचवायचीच, असं सगळ्या स्टाफनं ठरवलं. आता सांगते ते सगळे किस्से त्या एकाच वर्षाचे.

* * *

पोरं जमवायचा सीझन मे महिन्यात. स्टाफ गावं वाटून घेतो. मला आणि चौगुले सरांना मुरगूडकडची बाजू आली. तिथं एका वस्तीवर एक पोरगी दहावी झाल्याचं कळलं होतं.

ऊन म्हणजे नुसतं भाजत होतं. घर शोधत पोचलो तर ओट्यावर आधीच दोन मास्तर बसलेले! दोन वेगळ्या कॉलेजांचे. दोघांच्याही हातात रंगीत पत्रकं. मालक म्हशीची धार काढत होते. त्यांनी मान वळवून आमच्याकडं बघितलं.

"बसा पावणं. ह्या दोघांचं झालं की तुमचं."

आम्ही बसलो. पहिल्या मास्तरांना हाक गेली. ते म्हशीजवळ जाऊन म्हणाले, "एसटीचा पास आम्ही काढून देणार." दुसरे गेले. "पास तर देतोच, वर ड्रेस आणि बॅग." म्हैससुद्धा ऐकत होती.

मग चौगुले सर उठले, शर्ट नीट केला. मालकांनी विचारलं, "तुमी काय देणार?"

सर म्हणाले, "आम्ही शिकवतो."

मालकांनी चरवी बाजूला ठेवली, धोतराला हात पुसला आणि अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या वो. देणार काय?"

पोरगी बॅगवाल्यांकडं गेली. जाताना आम्हाला ताक मात्र फर्स्ट क्लास मिळालं.

* * *

कसंबसं करून जूनमध्ये आकडा गाठला. काठावर. एक पोरगं इकडंतिकडं झालं तर संपलं, असा काठ.

मग आला कॉलेज सोडायच्या दाखल्यांचा मोसम. कुणाला बारक्या शहरातनं मोठ्या शहरात जायचं असतं, कुणाला दुसऱ्या कॉलेजात मैत्रीण असते. आमच्या ऑफिसात रीत अशी, की ॲडमिशन घ्यायला आलेला खिडकीत उभा, आणि दाखला मागायला आलेला खुर्चीत! त्याला पंखा. त्याला पाणी. आमच्या हेडक्लार्क सुतार मॅडम एरवी कुणाकडं मान वर करून बघत नाहीत, पण दाखला म्हटलं की त्यांच्या आवाजात साखर उतरते.

"प्रिंटर बिघडलाय रे बाळा. बस की. आणि प्राचार्य पुण्याला गेल्यात, सही कोण करणार?"

प्राचार्य त्या वेळी आपल्या केबिनमध्ये दार लावून, मोबाईल सायलेंट करून बसलेले असायचे. त्या पावसाळ्यात ते इतक्या वेळा पुण्याला गेले, की खुद्द त्यांच्या बायकोचा एकदा ऑफिसात फोन आला, "ह्यांचं पुण्यात नेमकं काय चाललंय?"

एवढ्यावर पोरगं हललं नाही तर मिसळ. कोपऱ्यावरनं मागवायची. तर्री, पाव, वर ताक. मिसळ खाऊन कोल्हापूरचं पोरगं दाखला मागत नाही, त्याला लाज वाटते. ही आयडिया सुतार मॅडमचीच, आणि ती चालली.

चालली म्हणजे फारच चालली. एका शनिवारी मी ऑफिसात गेले तर दारात अकरावी आर्ट्स उभी! सगळी पोरं दाखला मागायला! तासाला एवढी कधी बघितली नव्हती. सुतार मॅडमचं तोंड पांढरं पडलं. केबिनमधनं प्राचार्य पुण्याहून तातडीनं बाहेर आले.

"अरे काय झालं? कुणी काय बोललं का? सगळेच का चाललाय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग पुढचा एक म्हणाला, "जायचं न्हाई वो सर. मागल्या शनवारी ह्याला मिसळ दिलासा, आमाला न्हाई."

* * *

ऑगस्टमध्ये अचानक तपासणी लागली. अचानक म्हणजे आदल्या दिवशी फोन येतो, "उद्या अचानक येणार आहे."

अर्धी पोरं शेजारच्या क्लासला. नाव आमच्याकडं, पोरगं त्यांच्याकडं. प्राचार्यांनी क्लासच्या मालकांना गळ घातली, तसे सकाळी रिक्षा भरभरून आमचीच पोरं आमच्याकडं आली. गेटवर उतरून विचारत होती, "बारावीचा वर्ग कुठंय?" "पाणी कुठं प्यायचं?"

एका गोऱ्यागोमट्या पोरानं मला गाठलं. नाव त्याचं दोन वर्षं माझ्या हजेरीत. मी रोज त्याला हाक मारते, रोज भिंत गप्प बसते. तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथं नवीन आहात का?"

मी म्हटलं, "नाही बाळ. मी इथंच म्हातारी झाले."

"हो? मग कधी दिसला नाहीत!"

* * *

राजवर्धन नावाचं एक पैलवान पोरगं होतं. तालमीत राहायचं. ते दाखला मागायला आलं, मिसळ खाल्ली, अजून एक मिसळ खाल्ली, आणि तरीही दाखला मागितला. वस्तादांचा हुकूम होता.

चौगुले सर दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत. वस्ताद म्हणजे पिकल्या मिशांचा, मान नसलेला माणूस. खांद्यावर थेट डोकं. ते म्हणाले, "मास्तर, पोरगं दुपारी झोपलं न्हाई तर खाल्लेलं अंगाला लागंल का?"

सरांनी पुष्कळ सांगितलं. शिक्षणाचं महत्त्व, स्पोर्ट्स कोटा, पोलीस भरती. वस्तादांनी ऐकून घेतलं.

"बरं. पाठवतो. पर एक हाय. तुमी बी हितं यायचं. त्येला वाटलं पायजे, मास्तर बी कष्ट घेतोय."

आणि गेला की हा माणूस! रोज पहाटे, लाल मातीत, जोर आणि बैठका. पहिल्या आठवड्यात फळ्यावर हात वर जात नव्हता. मागणीचा वक्र काढायला लागले की मधेच कळ येऊन वक्र खाली यायचा. गणपतीच्या आत पँटा ढगळ झाल्या. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, "सरांचं पोट गेलं, पण पट राहिला!"

आणि राजवर्धन? तो इमानदारीत रोज यायचा आणि शेवटच्या बाकावर आडवा व्हायचा. एकदा मी तापले. तासाला घोरतंय म्हणजे काय! हलवून उठवायला निघाले तर चौगुले सर व्हरांड्यातनं पळत आले.

"मॅडम, पाया पडतो, उठवू नका! हजर हाय की!"

* * *

अश्विनीचं लग्न ठरलं. पोरगी दहावीनंतर काही वर्षं घरी बसून मग अकरावीला आलेली, त्यामुळं वय बसत होतं. अडचण आमच्या पटाची होती. सासरच्यांनी नको म्हटलं की संपलं.

लग्नाला मी, सुतार मॅडम आणि चौगुले सर, तिघंही आहेर घेऊन. नवरानवरीला सोडून आम्ही थेट सासूबाईंच्या पंगतीत. आक्काताई त्यांचं नाव. आवाज असा, की वाजंत्री थांबवायची गरज नाही. मी विषय काढला.

"शिकंल की," आक्काताई म्हणाल्या. "पर एकटी न्हाई सोडायची. मी बी येतो."

"सोडायला?"

"शिकायला! मी बी दहावी पास हाय. तवाच्या काळातली. पुढं शिकीन म्हटलं तर आमच्या बानं लगीन लावून दिलं."

मला वाटलं गंमत करतायत. चौगुले सरांचा जिलेबीचा हात तोंडापर्यंत जाऊन थांबला. डोळ्यांत नुसता आकडा चमकत होता. सुतार मॅडमनी सगळे नियम चाळले, वयानं अडेल असं काही हाताला लागलं नाही.

सासू आणि सून एका बाकावर. खरं सांगते, असली विद्यार्थिनी मला पुन्हा मिळायची नाही. कविता शिकवताना आक्काताई पदर डोळ्याला लावायच्या, आणि पोरांनी गोंधळ घातला की मागं वळून एकच हाक द्यायच्या, "ए मुडद्या!" तास शांत.

एक दिवस अश्विनी आली नाही. चौगुले सरांनी हजेरीला तिचं नाव घेतलं, सवयीनं 'हजर' म्हणून पुढं सरकले. तशा आक्काताई उभ्या राहिल्या.

"सर, ती न्हाई आली. डोस्कं दुखतंय म्हणती. कसलं दुखतंय! गैरहजर मांडा."

"असू दे आक्का."

"असू दे कशाला? घरात लाड, हितं बी लाड?"

सर रडकुंडीला आले. "अहो आक्का, घरी काय भांडायचं ते भांडा! हितं तिला हजर ऱ्हाऊ द्या!"

* * *

आता शेवटचा. हा मी स्टाफरूममध्ये सांगत नाही, कारण सांगायला लागले की सुतार मॅडम उठून जातात.

सप्टेंबर लागला होता. आक्काताई आल्या तसं एक पोरगं गेलंही होतं; आकडा काठावरच, पण होता. सगळ्यांच्या जिवात जीव आलेला. आणि ओंकार दाखला मागायला आला.

ओंकार म्हणजे बावड्याचं पोरगं. वडील साखर कारखान्यात हंगामी. त्या तुकडीत चौगुले सरांचा तास खरोखर ऐकणारं हे एकच पोरगं. पहिल्या बाकावर, वही उघडून. मला नेहमी वाटायचं, सर ह्या एकासाठीच तयारी करून येतात. म्हणजे नशीब बघा! जी पोरं कधी येत नाहीत ती कधी जातही नाहीत. आयुष्यभर पटावर राहतील बिचारी. रोज येणारं एक, तेच निघालं!

त्याचा मामा गुऱ्हाळाच्या काहिली करायचा. मोठाल्या लोखंडी कढया, ज्यात उसाचा रस उकळतो. ओंकार लहानपणापासून तिथं पत्रा ठोकत वाढलेला. त्याला आयटीआयला पत्र्याच्या कामाचा कोर्स करायचा होता. शेवटच्या फेरीत नंबर लागला होता आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओरिजिनल दाखला दिला नाही तर जागा जाणार होती.

सुतार मॅडमनी खुर्ची दिली. प्रिंटर बिघडला. प्राचार्य पुण्याला गेले. मिसळ आली. पोरगं मिसळीला हात लावेना. नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलं. मी तिथंच होते, आणि मनात म्हणत होते, बाबा रे, आजचा दिवस जाऊ दे, पुढच्या वर्षी जा. हो, म्हणत होते. मला बावड्यातला म्हातारा दिसत होता.

तेवढ्यात चौगुले सर बाबांना जेवू घालून आले. दारातनं त्यांनी पोराला बघितलं, मिसळीला बघितलं. काय ते त्यांना कळलं. सरळ जाऊन केबिनचं दार वाजवलं.

"सर, दार उघडा. पुण्यासनं आलाय म्हणून सांगतो."

दार उघडलं. प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "चौगुले, हे पोरगं गेलं की तुमची तुकडी गेली. कळतंय का?"

"कळतंय."

"बाबांचं काय करणार?"

सरांनी खुर्चीतल्या ओंकारकडं बघितलं. मग म्हणाले, "सर, ह्या पोराला मीच शिकवलंय, माणसानं हातातली संधी सोडली की त्याची काय किंमत पडते. वर्गात तेवढं एकच ऐकत होतं. आता ते खोटं होतं म्हणून कसं सांगू? सही करा."

प्राचार्यांनी सहीचं पेन काढलं. तो बिघडलेला प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला. सुतार मॅडम छापताना रडत होत्या आणि रडताना प्रिंटरलाच शिव्या देत होत्या. ओंकारला मागं बसवून सरांनी स्कूटर काढली.

मला असला राग आला, काय सांगू! कुठला हा शहाणपणा! मी माझी स्कूटी काढली आणि त्यांच्या मागनं निघाले. सिग्नलला गाठून दाखला हिसकावून घ्यायचा विचार होता, खोटं कशाला बोलू. पण एकही सिग्नल लाल लागला नाही.

आयटीआय बावड्याच्या वाटेवर, सरांच्या घरापासनं जवळच. मी धापा टाकत आत शिरले तर काय बघते? ओंकारला खुर्ची! त्याला पंखा, त्याला पाणी. एक मध्यमवयीन निदेशक, म्हणजे तिथले शिकवणारे सर, त्याचा दाखला दोन्ही हातांत धरून उभे. डोळ्यांत पाणी.

"सर, बसा! चहा सांगतो. तुमाला काय सांगू, ह्या ट्रेडला पोरं येत न्हाईत. आज एक कमी पडलं असतं तर आमचा वर्गच बंद होणार होता. मला मराठवाड्यात टाकणार होते वो! घरात आई हातरुणाला खिळलीय. तुमी देवासारखं आलासा!"

चौगुले सर खुर्चीत बसले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. 

चहा आला. सरांनी बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले. निदेशकांना राहवेना. खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "सर, अजून एक जागा रिकामी हाय. तुमच्या कॉलेजात दुसरं कोण असलं तर बघा की. पुढच्या वर्षी ह्यो घोर नको."

सरांनी बशी खाली ठेवली.

"हाय एक," ते म्हणाले. "वय जरा जास्त हाय. पण रोज येईल. घर हितनं जवळ हाय, दुपारी तेवढं बापाला जेवू घालायला सोडावं लागंल."

निदेशकांनी लगेच खिशातलं पेन काढलं.

"सोडू की! नाव सांगा."